निखारे न लागलेले पाय

वीरभद्राच्या जत्रेत निखाऱ्यांच्या चरातून आधी शिवनंजप्पा जायचा, मग गाव. गेली तीन वर्षं त्याला साधा चटकाही जाणवला नव्हता. ‘देव अंगात मुरलाय!’ म्हणून बायका त्याच्या पाया पडत, आणि शिवनंजप्पा फुगत चालला होता. ज्याला भाजलं त्याचं व्रत मोडलं, ही गावची जुनी समजूत. गेल्या वर्षी धाकटा भाऊ मादप्पा पोळून कळवळला, तेव्हा भर देवळासमोर शिवनंजप्पाच ओरडला होता, “पाप लपवून आलास!” तेव्हापासून मादप्पाला कुणी पंगतीत घेत नव्हतं.

यंदा जत्रेच्या सकाळी बायकोला, गौरम्माला, नवऱ्याच्या टाचेत बाभळीचा काटा दिसला. भोवती पू झालेला.

“अहो, हा घेऊन तुम्ही काल बाजार हिंडलात?”

“मला कुठे काय दुखतंय?”

तरी तिने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी तपासणीचा ताठ नायलॉनचा दोरा काढला आणि डोळे मिटायला सांगितलं. “दोरा टोचला की हो म्हणा, अज्जा.”

शिवनंजप्पा वाट बघत बसला. शेवटी वैतागला. “अगं बाई, सुरू कर की! देवळात खोळंबलेत माझ्यासाठी.”

“दहा ठिकाणी टोचून झालं, अज्जा.”

त्याने डोळे उघडले. गौरम्मा तोंडाला पदर लावून उभी होती.

“साखरेनं पायांच्या नसा मेल्यात,” नर्सबाई म्हणाल्या. “भाजलं तरी डोक्याला निरोपच जात नाही. आज निखाऱ्यात गेलात, तर पाय कापायची पाळी येईल.”

त्याला पायाच्या काळजीआधी मादप्पा आठवला. टाचेला पट्टी बांधून तो तडक भावाच्या दारात गेला.

“मादा, माझ्यात देव नव्हता रे. पाय मेलेत माझे. तुझे जिवंत होते, म्हणून तुला चटका कळला.”

मादप्पा उंबऱ्याबाहेर आला नाही. “पापी म्हणालास ते साऱ्या गावासमोर. आणि हे माझ्या कानात सांगतोस, अण्णा?”

देवळाशी ढोल सुरू झाले होते. शिवनंजप्पा दिसताच गर्दीने वाट दिली. पुजारी हार घेऊन पुढे आला. एकदा आग ओलांडली की मान राहील, असंही क्षणभर मनात आलं. बायका वाकल्या, एकीने दोन्ही हातांनी त्याचे पाय धरले.

“सोड, पोरी,” तो साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला. “तू पाय धरलेस, हे मला नुसतं दिसतंय.”