हळदकुंकू लागलेला मदरबोर्ड

लग्नाच्या पहिल्या वर्षी आमच्या घरी फ्रिज यायचा ठरला होता. आला कम्प्युटर. बोनस हातात पडला त्याच संध्याकाळी यांनी तो टेम्पोत घालून आणला आणि मी पुढची तीन वर्षं माठातलं पाणी प्यायले. तेव्हा हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्यात टॉवेल-चादरींची डिझाइनं काढायचे. दिवसभर तिथं कम्प्युटर, घरी आले की पुन्हा कम्प्युटर. तिथं मोर आणि कमळं, घरी गाड्यांची शर्यत, एवढाच काय तो फरक. गाडी पळत राहायची आणि ताटातली भाकरी गार व्हायची. त्या डब्यावरून आम्ही जेवढं भांडलो तेवढं सासूबाईंवरूनही भांडलो नाही. मग तो एक दिवस बंद पडला, यांनी तो गुपचूप माळ्यावर टाकला, आणि मी मनातल्या मनात पेढे वाटले.

त्याच डब्यासाठी या उन्हाळ्यात मी सोलापूर पालथं घातलं.

आठ महिन्यांपूर्वी यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं थोडंथोडं परत आलं. पाय ओढत का होईना, चालायला लागले. उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. फिजिओथेरपीच्या मॅडम दर मंगळवारी येतात. त्या म्हणाल्या, हातात अजून जीव आहे, वापरला तर येईल, नाही वापरला तर हळूहळू जाईल, आणि आता फार थांबून चालणार नाही. हे ऐकून घेतलं मी, कारण यांनी ऐकून घ्यायचं सोडूनच दिलं होतं. रबरी चेंडू दिला की तो सोफ्याखाली जायचा. वाटाणे निवडायला दिले तर डाव्या हातानं ताट लांब सरकवायचे. दिवसभर पंख्याकडे बघत पडायचे. मी सकाळी यांचं सगळं आवरून शाळेच्या ऑफिसात जाते, तिथं दिवसभर दाखल्यांवर शिक्के मारते, संध्याकाळी येऊन पुन्हा यांचं सगळं आवरते. खरं सांगायचं तर कधीकधी मला त्या पंख्याचाच हेवा वाटायचा. त्याच्याकडे कुणीतरी बघत तरी होतं.

एका मंगळवारी मॅडमनी विचारलं, "साहेब, पूर्वी काय आवडायचं तुम्हाला?" मग हे म्हणाले, "गेम." मी स्वयंपाकघरात होते, गॅस बंद करून बाहेर आले. आजारपणानंतर यांनी तोंडानं मागितलेली ही पहिली गोष्ट.

दुसऱ्याच दिवशी मी शाळेतला लॅपटॉप मागून आणला. कम्प्युटरच्या सरांनी त्यात तोच गेम घालून दिला होता. तोच रस्ता, तीच लाल गाडी. यांनी दोन मिनिटं बघितलं आणि मान फिरवली. "हा नव्हे. आवाज नाही. बटणं नाहीत." मी कपाळावर हात मारला. पण म्हटलं, बरं, तुमचा जुनाच चालू करून आणते.

मग माळ्यावरून तो डबा उतरवला, रिक्षात मांडीवर घेतला आणि नव्या पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. माणूस माझ्याच वयाचा, फोनवर बायकोशी तेलुगूत बोलणारा आणि गिऱ्हाइकाशी आपल्या सोलापुरी मराठीत. डबा बघून तो म्हणाला, "वहिनी, हे आता म्युझियमला द्या की!" मी हसले नाही, तसा त्यानं स्क्रू काढायला घेतला. आत बघितलं. ब्रश घेऊन मदरबोर्डवरून फिरवला, तर कागदावर लाल-पिवळा चुरा पडला. एका खाचेत तांदळाचे चार दाणे घट्ट चिकटलेले.

"वहिनी, ह्याची पूजा करत होता काय ओ?"

करत होते. माझं माहेर वैरागकडचं. आमच्याकडे खंडेनवमीला विळ्यापासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, आणि सोलापुरात तर त्या दिवशी मागही थांबवून पुजतात. मग घरातल्या कम्प्युटरनं काय पाप केलं होतं? कितीही राग असला तरी त्याला उपाशी ठेवणं मला पटलं नाही. गरम होतो म्हणून हे त्याच्या एका बाजूचं झाकण कायम काढून ठेवायचे. मला वाटलं, बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग, यंत्र तर आत आहे. म्हणून दरवर्षी डबा आडवा करायचा, आतल्या हिरव्या पाटीवर ओल्या बोटानं पाच ठिकाणी हळदकुंकू, अक्षता, आणि नारळ फोडला की वरून थोडं पाणी शिंपडायचं. सगळं भक्तिभावानं.

दुरुस्तीवाला एवढा वेळ हसत होता, पण माझं तोंड बघून थांबला. "बोर्ड गेला. पॉवर सप्लाय पण गेला. डिस्क आणि साउंड कार्ड वाचलंय, ते कडेला होतं म्हणून." त्याच्याकडे तीन बोर्ड होते. एक जरा नवा, चांगला चालणारा, पण त्यात यांचं जुनं साउंड कार्ड बसायला लागणारी लांब खाचच नव्हती. "आवाज दुसऱ्या कार्डातनं काढू की," तो म्हणाला. मला 'आवाज नाही' आठवलं. पुन्हा मान फिरवली असती तर मला ते सोसलं नसतं. मी म्हटलं, नाही, लांब खाचेचाच पाहिजे. उरलेल्या दोघांना खाच होती, पण एकाचे वरचे भाग फुगलेले आणि एक मुकाच, वीज दिली तरी ढिम्म. शेवटी तो म्हणाला, "कारखान्यात बघा. डिझाइन रूममध्ये असलं जुनं पडलेलं असतंय."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून एमआयडीसीत गेले. यांच्या कारखान्यातला जुना जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारा माणूस, दारातच भेटला. त्यानं मागच्या खोलीचं कुलूप काढलं. कोपऱ्यात तसलाच एक डबा, आत कापसाची तूस गच्च भरलेली, उशी फोडल्यासारखी. पण खाच लांब होती.

"सायबांसाठी म्हणताय व्हय? घेऊन जावा. मालकास्नी मी सांगतो की." मग त्यानं विचारलं, "हात कसा हाय?"

"आहे," मी म्हटलं. आणि डबा उचलायला वाकले.

राहिला कीबोर्ड. दुरुस्तीवाल्यानं पाच जुने कीबोर्ड समोर मांडले आणि म्हणाला, सगळे सारखेच आहेत. सारखे कसे असतील? मी माझ्या सगळ्यात दुबळ्या बोटानं, डाव्या हाताच्या करंगळीनं, एकेकाची बाणाची बटणं दाबत बसले, भेंडी मोडून बघावी तशी. पहिल्याचं बटण दगड. दुसऱ्याचं दबायचं पण वर यायचं नाही. चौथ्याचं नुसतं टेकलं तरी दबत होतं आणि आवाजही करत होतं. तोच घेतला. मागचं गिऱ्हाईक वैतागलं, मी लक्ष दिलं नाही.

त्या संध्याकाळी जेवण भरवताना मी यांना सांगून टाकलं की तुमचा कम्प्युटर मीच मारला, हळदकुंकू लावून लावून. हे घास गिळेपर्यंत थांबले. "माहीत होतं," म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू... मनापासून करत होतीस."

म्हणजे त्यांनी तेव्हाच आत बघितलं होतं आणि एक शब्द न बोलता डबा माळ्यावर टाकला होता. मी बेसिनशी जाऊन नळ सोडून रडले. इतकी वर्षं ज्या डब्यावरून मी यांच्यावर खार खाऊन होते, त्यात हे असं निघालं.

शनिवारी दुरुस्तीवाला स्वतः येऊन सगळं जोडून गेला. मॉनिटर बारीक शिटी वाजवत उजळला. गेम उघडला, इंजिनाचा तो घरघरणारा, घसा बसलेला आवाज आला आणि हे खुर्चीत ताठ झाले. मी देवाचं नाव घेतलं. यांनी हात पुढे केला. डावा. उजवा मांडीवर तसाच. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, डाव्या हातानं गाडी पळतेय आणि मी मागं उभी. माझा तोल गेला. "अहो, उजवा! उजव्यासाठी केलं ना मी हे सगळं! पायाचे तुकडे पडले माझ्या!" त्यांचं मनगट धरून मी तो हात बटणांवर ठेवला, तो घसरून खाली आला.

यांनी माझ्याकडे बघितलं. "तो दमलाय गं. तूपण दमलीस. बस की जरा."

आठ महिन्यांत मला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी बसले. यांनी कीबोर्ड डाव्या हातानं माझ्याकडे ढकलला. मी जन्मात गेम खेळले नव्हते. वरचा बाण दाबला तर गाडी सुटली, वळण आलं, मी दाबतच राहिले, गाडी भिंतीवर. पुन्हा सुरू, पुन्हा भिंत. तिसऱ्या वेळी त्याच वळणाला यांच्या घशातून वैतागाचा आवाज निघाला, "अगं, डावीकडं!", आणि एक हात मध्ये येऊन माझी बोटं बाजूला सारून बाणावर पडला. तो उजवा होता. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मी श्वास रोखून बसले, कारण मी बोलले असते तर तो लगेच खाली गेला असता.

दुसऱ्या दिवशी तो हात उठला नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा उठतो, कधी दोनदा, कधी नुसती बोटं हलतात. मला आता तो गेम बऱ्यापैकी जमतो, वळणं पाठ झाली आहेत. पण रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी यांच्या शेजारी बसते आणि गाडी भिंतीवर घालते.