पत्र्यावरचे दगड

आमच्या औंढ्याकडच्या गावांत जमिनीतून आवाज येतो. वर्तमानपत्रवाले त्याला गूढ आवाज म्हणतात. आम्ही नुसतं 'आवाज झाला' म्हणतो आणि हातातलं काम चालू ठेवतो. कधी आवाजामागून मांडणीवरची भांडी वाजतात, आणि एखाद्या वेळी घर खरोखरच हलतं. मग सगळे बाहेर पळतात आणि नेमके वळचणीला, भिंतीला टेकून उभे राहतात.

वळचणीला का उभं राहू नये, हे लोकांना समजावणं मध्यंतरी माझ्या गळ्यात पडलं होतं. मी हिंगोलीत प्राथमिक शिक्षिका आहे, आणि शिक्षकांच्या गळ्यात काय पडत नाही! आम्हाला एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं आणि गावं वाटून दिली. मी हट्टाने माझं माहेरचं गाव मागून घेतलं. सांगायचं होतं ते सोपं होतं. आमच्याकडे घरांवर पत्रे, आणि उन्हाळी वाऱ्यात ते उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगडांची रांग. जमीन हलली की हे दगड घरंगळतात. कडेचे वळचणीला पडतात, मधले गंजका पत्रा फोडून आत येतात. तेव्हा दगड उतरवा आणि पत्रे लोखंडी हुकांनी खालच्या पाइपाला आवळून घ्या, एवढंच.

गावाने बरंच ऐकलं. ऐकलं नाही ते एका घराने, आणि ते आमचं होतं.

आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच राहतात. सोबतीला एक म्हैस. माझं सगळं व्याख्यान त्यांनी अंगणात खाटेवर बसून शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "वारं दर साली येतं. तुझा भूकंप कवा येणार, ते सांग."

"ते कुणालाच सांगता येत न्हाई, बाबा. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना बी न्हाई."

"मला येतं," बाबा म्हणाले.

त्याचं असं झालं होतं की एका सकाळी म्हशीने पान्हा चोरला, दूधच देईना, आणि त्याच दुपारी भांडी वाजली. तेव्हापासून बाबा या विषयातले जाणकार झाले. म्हशीने पान्हा चोरला आणि काहीच झालं नाही, असे दिवस त्यांच्या हिशेबात धरलेले नसतात. मी ते एकदा दाखवून दिलं तर म्हणाले, "झालं असंल कुठंतरी. आपल्याला कळलं न्हाई."

मग त्यांचे फोन सुरू झाले. "आज होणार. तुझ्या डोक्यावर दोन मजले हायत. लेकराला घे आणि इकडं ये, इथं अंगण तरी हाय." मी हिंगोलीत तीन मजली इमारतीत तळाला राहते, आणि ते दोन मजले बाबांच्या छातीवर असतात. माझ्या छातीवर असायचे ते बाबांच्या आतल्या खाटेच्या वरच्या पत्र्यावरचे दगड. वर्गात पाढे म्हणून घेतानाही तो खाटेवरचा पत्रा डोळ्यांपुढे यायचा. त्यांचे भूकंप बहुतेक शनिवारीच असत, हे माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने ओळखलं. मी मुकाट्याने पिशवी भरायचे.

जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून मी हुक आणून दिले होते. त्यांनी ते पिशवीसकट खुंटीला अडकवले आणि वरून छत्री टांगली. वर्षभर ती छत्रीच दिसायची.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. शनिवारी सकाळी भाकीत आलं. दुपारच्या एसटीने येते म्हणून मी सांगितलं, पण शाळा लवकर सुटली आणि आम्हा मायलेकींना आधीची गाडी मिळाली. अंगणात शिरले तर भिंतीला शिडी, आणि शिडीच्या वरच्या पायरीवर पंचाहत्तरीचे बाबा. छातीशी एक दगड कवटाळलेला. मी ओरडले असते तर ते दचकले असते, म्हणून ते खाली उतरेपर्यंत मी तोंडावर हात धरून उभी राहिले. आम्ही झोपतो त्या खोलीवरचा पत्रा रिकामा होता. त्यांच्या खाटेवरची रांग जागच्या जागी होती.

"काहून उतरवून राहिले?" मी विचारलं.

"तुमी येऊन राहिल्या ना," बाबा म्हणाले. माठ भरून ठेवला म्हणून सांगावं, तसे.

"म्हणजे दरवेळी?"

"येता तवा उतरवतो. गेल्या की पुन्हा ठेवतो. वाऱ्याचा काय भरवसा?"

मला भयंकर राग आला. त्याहून जास्त लाज वाटली. बाबा ऐकत नाहीत म्हणून मी शाळाभर रडगाणं गायलं होतं. इकडे माझा एकूण एक शब्द त्यांनी मानला होता, फक्त आमच्यापुरता. आणि त्यासाठी दर शनिवारी ते त्या शिडीवर चढत होते.

मी आत गेले. आमच्या खोलीतली गादी ओढत आणली आणि त्यांच्या खाटेशेजारी अंथरली. लेकीने आपली उशी आणून टाकली. बाबा दारात उभे.

"इथं काहून?"

"इथं गार लागतं."

"वर दगड हायत, माय."

"माहीत हाय," मी म्हणाले आणि आडवी झाले. लेकही झोपली. पत्रा तापून कडकड वाजत होता.

मग बाबा खुंटीपाशी गेले आणि छत्री काढली.

दगड मी उतरवले. बाबा शिडी धरून खालून हुकूम सोडत होते, आणि त्यांच्या मते माझा एकही पाय बराबर पडत नव्हता. दुसऱ्या दिवशी गावातल्या वेल्डरने हुक आवळून दिले. दगड आता अंगणाच्या मध्यावर, भिंतीपासून लांब रचून ठेवलेत. आवाज झाला की बाबा त्यांच्यावर जाऊन बसतात. मे महिन्यात मोठं वारं सुटलं त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "एक पत्रा हलला न्हाई," म्हणाले, आणि हुक जणू त्यांनीच शोधून काढले होते अशा थाटात मलाच समजावत बसले.

त्यानंतर दोन शनिवार फोन आला नाही. मला चुकल्यासारखं झालं. तिसऱ्या शनिवारी आला.

"काय, म्हैस दूध देईना का?" मी विचारलं.

"म्हैस बराबर हाय. आज काही होणार न्हाई." मग म्हणाले, "तरी ये."