आप्पांच्या ज्युनिपरची कुंडी

मी मूळचीच काळजीखोर. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत येणाऱ्यांतली. देवावर माझी श्रद्धा आहे, पण ती श्रद्धाही तसलीच. हात जोडायचे, गाऱ्हाणं सांगायचं आणि लगेच त्याने ऐकलं की नाही याची चौकशी सुरू करायची. अशा बाईने अनुभव लिहावा का, हा प्रश्नच आहे. पण आमच्या घरात लिहायची हौस असलेली मी एकटीच, म्हणून लिहिते.

आप्पा म्हणजे माझे सासरे. उभी हयात विक्रोळीच्या कारखान्यात गेली. गाव मालवणकडचं, आणि इतकी वर्षं मुंबईत राहूनही घरात बोलणं मालवणीच. माझं माहेर कल्याणचं, त्यामुळे मला मालवणी समजतं, बोलायला गेले तर सगळे हसतात. आप्पांना एकच नाद होता, बोन्सायचा. त्यांतलं सगळ्यात जुनं झाड ज्युनिपरचं. कारखान्याची सहल महाबळेश्वरला गेली होती, तिथल्या रोपवाटिकेतून त्यांनी बोटाएवढं रोप रुमालात गुंडाळून आणलं. आपल्याकडे मोरपंखी असते ना, त्याच कुळातलं झाड. थंड हवेचं, त्यामुळे मुंबईत ते जगणार नाही असं सगळ्यांनी सांगितलं, आणि आप्पांनी ते जगवलं. खोड पीळ घातल्यासारखं वळलेलं आणि उंची माझ्या कोपरापर्यंतसुद्धा नाही. माझा नवरा आणि ते झाड साधारण एकाच वयाचे. दोघांत लाड कुणाचे जास्त झाले, हे विचारलं की सासूबाई फक्त हसत.

गणपती झाल्यावर आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पाय ओढत का होईना घरातल्या घरात चालू लागले, पण उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा. आणि त्याच सुमारास खिडकीतलं ज्युनिपर उतरायला लागलं. हिरव्याची झळाळी गेली, राखाडी छटा आली, आतल्या बाजूची पानं हात लावला की गळायची. सासूबाईंनी, म्हणजे आम्ही सगळे ज्यांना आई म्हणतो त्यांनी, एका दुपारी वाटाणे सोलता सोलता मला सांगून टाकलं, "झाडाचो आणि ह्यांचो जीव एकच आसा. झाड गेला तर हे काय ऱ्हवचे नाय."

मी म्हटलं, आई, असं काही नसतं. म्हटलं खरं, पण ते वाक्य माझ्यात घुसलं ते घुसलंच. मी ऑफिसला निघण्यापूर्वी आधी झाड बघायची आणि मग आप्पांना. संध्याकाळी आल्यावरही तसंच. आप्पा दोन घास कमी जेवले की मी खिडकीशी जायची. झाडाचं एक पान गळलं की आप्पांचा रक्तदाब मोजायची. शिकल्यासवरल्या माणसाचं असं होतं हे सांगायला लाज वाटते, पण भीतीला शिक्षण विचारून यायची सवय नसते.

संक्रांत झाली आणि आप्पांनीच विषय काढला. झाडाची मुळं कुजली असणार, कुंडी बदलायला हवी, आणि थंडी आहे तोवरच बदलायला हवी. नाही बदलली तर झाड जाणार हे नक्की. बदलली तरी जाऊ शकतं, कारण म्हाताऱ्या, अशक्त झाडाच्या मुळांना हात लावणं म्हणजे ऐंशीच्या माणसाचं ऑपरेशन करण्यासारखं. आणि हात लावायचा कुणी? आप्पांचा हात तर असा. नवरा म्हणाला, मला साधा सुईत दोरा ओवता येत नाही. राहता राहिले मी.

आईंनी मात्र पाय रोवले. देवाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. आमच्या सासरच्या गावात देवाला कौल लावल्याशिवाय कुणी विहीरही खणत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आता गावी जाणं शक्य नव्हतं, तेव्हा गुरवांना व्हिडिओ कॉल लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "वयनी, लग्नाचो कौल लावलंय, जमिनीचो लावलंय. कुंडयेचो पयल्यांदाच." पण गाऱ्हाणं त्यांनी मनापासून घातलं. आम्ही सगळे मोबाईलभोवती डोकी जोडून बसलो. पाकळ्या पडेनात. उजवीही नाही, डावीही नाही. गुरवांनी पुन्हा विनवलं, आम्ही इकडून हात जोडले, पण दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. शेवटी गुरव म्हणाले, "देव गप्प आसा. उद्या परत लावू?"

आप्पा खुर्चीतून म्हणाले, "नको. गप्प आसा तर गप्प आसा. आपला काम आपण करूया."

मला तर नकार मिळाला असता तरी चाललं असतं. हा गप्प बसणारा देव मला झेपत नव्हता.

रविवारी सकाळी हॉलमध्ये जुनी चादर अंथरली. विटांचा चाळलेला चुरा, जाडी वाळू, थोडं शेणखत, कुंडीच्या भोकांवर टाकायला मच्छरदाणीची जाळी, मुळं झाकायला ओलं फडकं, सगळं आप्पांनी सांगितलं तसं मांडलं. पंखा बंद केला, कारण उघडी मुळं वाऱ्याने पटकन सुकतात आणि सुकली की संपलं. मी सुरी कडेने फिरवली आणि खोड धरून झाड हलकेच उचललं. मातीचा गड्डा कुंडीतून बाहेर आला तसा घरभर आंबट वास पसरला. नासलेल्या ताकासारखा. एका बाजूची मुळं काळी पडली होती, आणि मातीतून मुंग्या निघून चादरीवर पळायला लागल्या.

आप्पांनी आईंकडे पाहिलं. आई आधीच रडत होत्या, आणि रडता रडता सगळं बाहेर आलं. आईंच्या पूजेत महादेवाची छोटी पिंडी आहे, सोमवारी तिच्यावर दूध, दही, मध, साखर घालून अभिषेक होतो. ते तीर्थ कुणाच्या पायदळी येऊ नये म्हणून एरवी तुळशीत जायचं. आप्पांना झटका आला तेव्हापासून आईंनी रोज अभिषेक सुरू केला होता, आणि ते सगळं तीर्थ झाडाला बळ यावं म्हणून ज्युनिपरच्या कुंडीत घालत होत्या. दिवसाआड पाणी मागणारं झाड रोज दुधासाखरेत बुडत होतं. "मीच मारलंय," एवढंच आई पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. कुणाला मारलं म्हणत होत्या ते न विचारताही कळत होतं.

आप्पा जड जिभेने म्हणाले, "देवाचा पाणी वायट नसता गो. जास्ती झाला, इतक्याच. रडा नको, फडक्याक पाणी मार."

मी कामाला लागले. काळी मुळं काढायची, चांगली ठेवायची, आणि ती एकमेकांत अशी गुंतलेली की कुठलं कुठलं ते कळेना. एक ओढलं ते चांगलंच निघालं, आतून पांढरंशुभ्र. ते तुटल्याचा बारीक आवाज मला अजून आठवतो. आप्पा डाव्या हाताने दाखवायला जात, तो नेमका जागेवर पडत नसे. "खेचू नको, बोटाक कळता," असं म्हणत, पण त्यांच्या बोटांना कळणारं माझ्या बोटांना कसं कळावं? मुळं सुकायला लागली होती. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, आता तरी बोल.

तेवढ्यात बेल वाजली. आप्पांना व्यायाम द्यायला येणारा नेहमीचा मुलगा बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता आणि त्याच्याऐवजी पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. वर्सोव्याच्या. डोक्यात अबोलीचा गजरा, खांद्याला जडशी पिशवी. आज व्यायाम आहे हेच आम्ही विसरलो होतो. मी म्हटलं, ताई, आज राहू द्या, आज जमणार नाही. त्यांनी चादरीकडे पाहिलं, आईंच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि चपला काढून सरळ आत आल्या.

"झाडातलं मला काय पण कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण काकांचं लक्ष आज दुसरीकडे लागणार नाय ना? मग आजचा व्यायाम हाच."

त्यांनी आप्पांची खुर्ची चादरीशी ओढली. चायनीजच्या पार्सलबरोबर आलेली एक लाकडी काडी मी मुळं मोकळी करायला घेतली होती, ती त्यांनी माझ्या हातातून काढून आप्पांच्या उजव्या हातात दिली आणि वरून क्रेप बँडेजने बांधली. आपला हात त्यांच्या मनगटाखाली धरला. आप्पा म्हणाले, "ह्या हातात काय जोर नाय." त्या म्हणाल्या, "जोर कुणाला पायजे? काका, तुम्ही फक्त सांगा कुठे जायचं."

मी गड्डा ओल्या फडक्यावर धरून बसले आणि ती काडी मुळांतून फिरायला लागली. आप्पांचा हात थरथरत होता, पण त्यात ताकदच नसल्यामुळे एकही मूळ तुटत नव्हतं. काडी लागली की कुजलेल्या मुळाची साल आपोआप सुटून यायची, जिवंत मूळ तसंच राहायचं. एका बाजूला मुळांवर बुरशीची पांढरी जाळी दिसली, मी घाबरून ती धुवायला पाणी घेतलं. आप्पा म्हणाले, "धुव नको. ती हवी. तेच्यावर झाड जगता." आई फडकं भिजवत होत्या. किती वेळ गेला कळलं नाही. मध्येच माझं लक्ष गेलं तर बँडेज सैल होऊन आप्पांच्या मनगटावर लोंबत होतं, बाई हात काढून मागे सरून बसल्या होत्या, आणि काडी आप्पांच्या बोटांत होती. त्यांनी ती धरली होती. आप्पांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं. आईंनी पाहिलं, मी पाहिलं, बाईंनी आमच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

डॉक्टरांना नंतर विचारलं, ते म्हणाले, होतं असं, मेंदू वाट काढतो. बरोबरच असेल. मी एवढंच म्हणेन की त्या सकाळी आमच्या घरात कुणीतरी आलं होतं, आणि दरवाजातूनच परत पाठवायला मी निघाले होते.

झाड नव्या मातीत बसवलं, तारेने बांधलं, सावलीत ठेवलं. बाई चहा घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यापासून नेहमीचा मुलगा आला, त्या पुन्हा आल्या नाहीत. फोन करून मी आभार मानले तर म्हणाल्या, मी काय केलं, काडी तर तुमचीच होती.

खरी परीक्षा पुढे होती. ज्युनिपर फसवं झाड. ते मेलं तरी कित्येक आठवडे हिरवं राहतं, त्यामुळे हिरवं दिसतंय म्हणून निश्चिंत व्हायची सोय नाही. मी रोज नखाने कुठेतरी साल खरवडून आत ओल आहे का बघायची. एकदा आप्पांनी पकडलं. "रोज रोज खरवडून बघलंस तर जिता झाड पण मरतला गो. विश्वास ठेवूक जमना नाय तर निदान हात लावू नको." ते झाडाबद्दलच बोलत होते. पण देवाशी मी आजवर हेच करत आले होते.

हात लावणं बंद केलं. सोपं गेलं नाही. फाल्गुनात एक अख्खी फांदी तपकिरी होऊन वाळली, आईंनी देव पाण्यात ठेवले, मी हात मागे बांधून खिडकीशी उभी राहायची. आप्पांनी ती फांदी स्वतः उजव्या हातात कात्री धरून कापली, दोनदा कात्री निसटली तरी. चैत्रात उरलेल्या टोकांना पोपटी कोंब फुटले.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण त्याच वर्षी दिवाळी आटोपली आणि एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर आप्पा उठले नाहीत. झोपेतच गेले. खिडकीत ज्युनिपर हिरवंगार होतं, इतकं हिरवं की मला त्याच्याकडे बघवेना. मला राग आला होता, देवाचा आला होता, हे कबूल करते.

सुतकाच्या दिवसांत भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी आईंना सुचवलं की हे झाड कुणाला तरी देऊन टाका, सारखं डोळ्यांसमोर नको. मी आईंकडे बघायची हिंमत केली नाही. आईंनी वर्षभर दोघांचा जीव एक मानला होता. आता त्या झाडाला काय म्हणतील?

आई शांतपणे म्हणाल्या, "कित्याक? तेनी काय केल्यान? ह्यांका जावचा होता, हे गेले. झाडाक ऱ्हवचा आसा, ऱ्हवांदे. गाठ माझ्या मनान मारल्यान होती."

त्या संध्याकाळी त्यांनी देवाजवळ दिवा लावला, मी शेजारी उभी राहिले. मी आप्पांचा जीव मागितला होता, तो मिळाला नव्हता. पण मिळालं होतं ते आठवत गेलं. आप्पांचा हात मिळाला होता. त्या हाताने ते पुढे चहाचा कप उचलायचे, माझ्या लेकीची वेणी घालायचा हट्ट करायचे, वेणी वाकडीच व्हायची. आईंना त्या तीर्थाबद्दल एकदाही दोष न देणारा नवरा मिळाला होता. आप्पांसाठी मागायचं आता काही उरलं नव्हतं, झाडासाठी मागावंसं वाटलं नाही. नुसते हात जोडले. मग रडू आलं, आणि इतके महिने दिलेस, एवढंच तोंडातून निघालं.