जे मी टाइपच केलं नव्हतं

भूतबित मी कधी मानलं नाही. अमावस्येला चौकात उतरवून टाकलेलं लिंबू पायानं उडवणारी बाई मी! तरी हे मी दिवसाउजेडीच लिहायला बसलेय...

२००९ साल असेल. मंगळवार पेठेत मी ब्लाउज शिवायचे, अजूनही शिवते. अख्ख्या पेठेतल्या बायकांची मापं घेणारी मी, आणि एक दिवस आंघोळ करताना माझ्याच छातीत गाठ लागली हाताला. पायाखालची जमीनच सरकली. त्यात धाकट्या बहिणीचं, सुमीचं लग्न कागलला ठरलेलं. आमची आई कॅन्सरनं गेलेली. "घराण्यातच हाय" असं सोयऱ्यांच्या कानावर गेलं असतं, तर लग्न मोडलंच म्हणून समजा. नवऱ्यालाही बोलले नाही. लग्न उरकू दे, मग दाखवू, असं ठरवलं... मनातल्या मनात.

पण चैन पडेना. गल्लीतल्या संजूच्या सायबर कॅफेत गेले. तो म्हणाला, "वैनी, ही प्रायव्हेट विंडो. हितं काय बी बघा, बंद केली की पुसलं. कुणाच्या बापाला कळत न्हाय." मी पडदा ओढला आणि इंग्रजी अक्षरांत 'छातीत गाठ' एवढंच टाइप केलं. नाव नाही, गाव नाही.

पुढच्या आठवड्यात बस्ता बांधायला कागलला गेलो. दुकानात साड्यांचा ढीग पडलेला, सगळ्या हसतायत, आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. "आलेच" म्हणून शेजारच्या कॅफेत शिरले. तिथंही तसलीच विंडो उघडली. कीबोर्डला हात लावायच्या आधीच अक्षरं उमटायला लागली, एकेक...

'गाठ दाखवलीस का?'

कशीबशी उठून बाहेर पळाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी संजूला धरलं, कागलला काय घडलं ते सांगितलं. "मुडद्या, कुणाकडं बोललास?"

"आईशप्पथ वैनी, न्हाय! ती विंडो फकस्त ह्या मशीनवरचं पुसती, नेटच्या लाईनवाल्यांना दिसतंच की. मलाबी परवाच कळलं. पण कागलच्या मशीनला तुम्ही कोण, हे कसं कळंल?"

त्यानं स्वतः विंडो उघडली. रिकामी. "तुम्ही बसा बघू," म्हणाला. मी बसले, तो पाठीमागं उभा राहिला. अक्षरं आली.

'लग्नापर्यंत थांबू नकोस.'

संजूनं मेन स्विचच पाडला. त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला. "वैनी, लग्नापर्यंत थांबायचं कुणाला सांगितलंतं?"

कुणालाच नाही! ते मी टाइपही केलं नव्हतं.

तसंच घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं आणि दोघं डॉक्टरकडं गेलो. गाठ वाईटच निघाली. ऑपरेशन झालं. लग्नापर्यंत थांबला असता तर हातातनं गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आणि सुमीचं लग्न? मोडलं नाही. उलट तिची होणारी सासू कागलहून डबा घेऊन दवाखान्यात यायची. मीच उगाच त्यांना भ्यायले होते.

घरचे म्हणतात, देवच होता तो. असेल. पण देवाची मला कधी अशी भीती वाटली नाही. संजूनं कॅफे बंद केला, आता तो रसवंती चालवतो. हा विषय काढला की उठून जातो. मी मात्र, काही महत्त्वाचं ठरवायचं असलं की मोबाईल खालच्या खोलीत ठेवते, गच्चीवर जाते... आणि मगच विचार करते.