सुमनताईंच्या पिशवीतलं जपानी पुस्तक

स्वतः वाचल्याशिवाय एकही पुस्तक पोरांच्या हाती द्यायचं नाही, हा सुमनताईंचा नियम. चिंचवडपासून कुरुळीपर्यंत त्यांचं फिरतं वाचनालय चालतं. चालतं म्हणजे काय, तर जुनी स्कूटी, पायाशी एक पिशवी आणि हुकाला अडकवलेली दुसरी. कंपनीच्या स्टोअरमधली नोकरी संपल्यावर बाकीच्या बायका देवदर्शनाला लागल्या, सुमनताई पोरांच्या पुस्तकांना लागल्या. "लायब्ररी काढलीस का पोलीस चौकी?" असं त्यांचे यजमान सोपानराव विचारायचे. सुमनताई चष्म्यावरून एकदा त्यांच्याकडे बघायच्या आणि पान उलटायच्या.

पण या चौकीवर आयांचा फार भरवसा होता. बहुतेक घरांत दोघंही कामाला. एक फर्स्ट शिफ्टला, तर दुसरं सेकंडला. पोरगं काय वाचतंय हे बघायला कुणाला सवड? "सुमनताईंच्या पिशवीतलं आहे ना? मग वाच," एवढं म्हणून आया मोकळ्या होत.

अलीकडे मात्र ही तपासणी सुमनताईंच्या जिवावर येऊ लागली होती. त्यांच्या लहानपणी गोष्टीतली पोरं सुट्टीत मामाच्या गावाला जायची, चोर पकडायची आणि घरी येऊन थालीपीठ खायची. आताच्या पुस्तकातली पोरं बघावीत तर बाप घर सोडून गेलेला, आई गोळ्या घेऊन झोपलेली आणि सोळा वर्षांची नायिका आरशासमोर उभी राहून स्वतःला शिव्या देतेय! त्यात ही जपानी चित्रपुस्तकं आली. मांगा म्हणे. एकात तर गोष्ट सुरू होते न होते तोच राक्षसाने अख्खं घरदार खाऊन टाकलेलं. सुमनताईंच्या हातातला चहा गार झाला. "अहो, हे पोरांसाठी आहे!" त्या ओरडल्या. सोपानरावांनी चित्र पाहिलं आणि निमूटपणे पेपरात तोंड खुपसलं.

तरीही त्या वाचत होत्या, कारण पोरं तीच पुस्तकं मागत होती. कुरुळीच्या तेजस्विनीनेही असंच एक मांगा मागितलं. नववीतली ही पोरगी लातूरकडून दोन वर्षांपूर्वी आलेली. आई दिपाली चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर, वडील ट्रेलर घेऊन कायम बाहेर. तेजस्विनी कधी काही मागत नसे, द्याल ते वाची. या खेपेला मात्र तिने पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं आणि हळूच म्हणाली, "काकू, लवकर आणाल?"

चिंचवड स्टेशनजवळच्या जयसिंगच्या दुकानातून सुमनताईंनी ते आणलं. शिरस्त्याप्रमाणे आधी खाकी कव्हर घातलं, उघडल्यावर पहिल्या पानावर वाचनालयाचं लेबल चिकटवलं. त्या पानावर मोठ्या अक्षरात काहीतरी छापलं होतं, पण ती जाहिरात असणार असं त्यांनी धरलं. मग शब्दकोश जवळ घेऊन त्या वाचायला बसल्या. बोलता येत नसलं तरी इंग्रजी त्यांना वाचता येई.

सुरुवात तर गोड होती. शाळेतली एक मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यात डबा खातेय, हसतेय. बोलणी जरा विचित्र होती, आधी उत्तर येई आणि मग प्रश्न, पण नव्या लेखकांची ही तऱ्हा असेल म्हणून सुमनताई पुढे गेल्या. हळूहळू मैत्रिणी कमी झाल्या. मग एकच उरली. मग तीही नाही. मुलीच्या बाकावर कुणीतरी घाणेरडं लिहिलं, तिचा डबा कचऱ्यात टाकला. मुलीच्या तोंडचं हसू गेलं, मग बोलणंही गेलं. आणि शेवटी ती एकटीच शाळेच्या गच्चीवर, कठड्याशी. वाऱ्याने उडणारे केस. खाली दूरवर मैदान. पुढे पानच नाही.

सुमनताईंनी पुन्हा एकदा पान उलटून पाहिलं. कुणी धावत येत नाही, कुणी हाक मारत नाही, पुस्तक सरळ संपतंच! आपल्या जन्मात एवढं निर्दय पुस्तक आपण वाचलं नाही, असं त्यांना वाटलं. आणि हे त्या अबोल पोरीने नाव लिहून मागितलेलं!

दुसऱ्या दिवशी त्या थेट दिपालीच्या खोलीवर गेल्या. पोरगी शाळेत होती. "दिपाली, पोरीवर लक्ष ठेव. मरणाबिरणाची पुस्तकं मागतेय ती. सगळं त्या फोनवरून शिकतात. मी काही हे तिला देणार नाही."

दिपालीचा चेहरा पांढरा पडला. "असलं वाचायलीय ती? बरं झालं ताई, तुम्ही सांगितलं." त्याच संध्याकाळी तेजस्विनीचा फोन कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं आणि तिचं वाचनालयही बंद झालं. सुमनताईंना रुखरुख लागली, पण आपण योग्य तेच केलं याची त्यांना खात्री होती.

राग होता तो जयसिंगवर. महिना संपत आला तेव्हा त्या पुस्तक घेऊन त्याच्या दुकानात शिरल्या आणि गिऱ्हाइकांसमोरच सुरू झाल्या. "जयसिंग, लाज वाटत नाही? पोरांना गच्चीवर नेऊन सोडून देणारी पुस्तकं विकतोस?"

"कुठली गच्ची, ताई?" जयसिंगने पुस्तक हातात घेतलं. "अहो, हे तर छान आहे. माझ्या पुतणीने वाचलंय. सुरुवातीला गच्ची आहे खरी, पण शेवटी सगळ्या मिळून डबा खातात की."

"शेवटी? डबा तर पहिल्याच पानावर आहे!"

जयसिंगने पुस्तक उघडलं, लेबल पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. ओल्या बोटाने त्याने लेबलाचा कोपरा सोडवला. खाली ठळक अक्षरात छापलं होतं की थांबा, हे पुस्तकाचं शेवटचं पान आहे, जपानी पद्धतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करा. "ताई, तुम्ही शेवटापासून वाचलंत. आणि सूचनेवरच लेबल मारलंत राव!"

दुकानातली दोन-चार माणसं हसली. सुमनताईंना हसू आलं नाही. तिथेच स्टुलावर बसून त्यांनी पुस्तक दुसऱ्या बाजूने उघडलं. गच्चीवर एक मुलगी. मग दार ढकलून वर आलेली दुसरी एक, जी काहीच न बोलता लांब बसून आपला डबा खाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. तिसऱ्या दिवशी अर्धी पोळी पुढे करते. पोळी कुठली, जपानी काहीतरी भाताचा गोळा. मग जिना. मग वर्ग. आपण एका मुलीला पायरी पायरीने वर नेऊन कठड्याशी उभं केलं होतं. पुस्तक तर तिला खाली आणत होतं. हे कळलं आणि सुमनताईंना रडू फुटलं. जयसिंग बिचारा पाणी आणायला पळाला.

त्या तशाच कुरुळीला गेल्या. दिपाली फर्स्ट शिफ्ट करून नुकतीच आली होती, ओढणी खांद्यावर तशीच. तेजस्विनी भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"अशीच राहायलीय, ताई," दिपाली दारातच कुजबुजली. "शाळंतून आली की पडून. जेव म्हटलं की जेवती, तेवढंच."

"चूक माझी आहे गं," सुमनताई म्हणाल्या. खाली बसून त्यांनी पुस्तक चटईवर ठेवलं. "तेजू, बाळ, मी हे उलटं वाचलं. शेवटापासून. मला वाटलं, ते गच्चीवरच संपतं. एवढी वाचनालयवाली मी, हस मला."

तेजस्विनी हसली नाही. ती उठून बसली, पुस्तकाला हातही न लावता म्हणाली, "म्हणजे ती खाली येते?"

"येते. तू वाचलं नव्हतंस?"

"शेजारच्या श्रद्धाच्या फोनवर पहिली थोडीच पानं होती. ती वर उभी असते, तेवढीच."

"मग मागवलंस कशाला गं असलं?"

पोरीने पुस्तक हळूच जवळ ओढलं. "ती खाली कशी येते ते बघायचं होतं. वर्गात दिवाळीपासून माझ्याशी कुणी बोलत नाही, काकू. मला पण कळत नव्हतं, खाली कसं यायचं."

इतकी वर्षं पोरांची पुस्तकं सुमनताई पान न् पान तपासत आल्या होत्या, आणि 'हेच का हवंय गं तुला?' एवढं एका पोरीला कधी विचारलं नव्हतं. स्वतःचीच त्यांना चीड आली.

दिपाली पोरीला चिकटून बसली. "वाच," ती म्हणाली. "मला इंग्लिश येत न्हाई, तू मराठीत सांग."

तेजस्विनीने पुस्तक उजवीकडून उघडलं आणि चित्रावर बोट ठेवून सांगू लागली. ही शाळा. ही गच्ची. ही ती. बोट कठड्याशी आलं तेव्हा दिपालीने ते धरून थांबवलं.

"हिची आई कुठाय?"

"कामावर असेल," तेजस्विनी म्हणाली. "तिला माहीत नाही. हिने सांगितलंच नाही कधी. ती दमलेली असते."

"मग हिला म्हणावं, सांग आईला," दिपाली म्हणाली. तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "लाइन बंद पडली तरी पडू दे. पळत येती का न्हाई बघ ती."