हिंमतरावांचे मंगळवार

हिंमतराव रणपिसे पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाले आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी दाढीचा ब्रश, साबणाची वाटी, तुरटीचा खडा आणि नव्या रेझरचं पाकीट एका कापडी पिशवीत भरलं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या पुरुषांची घरी जाऊन दाढी करून द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. वार मंगळवार. वानवडीत दोन घरं, हडपसरला तीन आणि शेवटचं मांजरीला, जिथे ऐंशी वर्षांचे सोनबा घुले नव्या सोसायटीच्या सहाव्या मजल्यावर पडून खिडकीतून उरलासुरला ऊस बघत असत.

दाढी झाली की हिंमतराव आरसा पुढे धरायचे. म्हातारा स्वतःच्या गालावरून हात फिरवायचा. तेवढं बघितलं की त्यांचा आठवडा बरा जायचा.

रविवारी चर्चमध्ये मात्र त्यांची गाठ सुदर्शन पारखे सरांशी पडायची. पारखे सर गणिताचे निवृत्त शिक्षक. तिथे तरुणांचा बायबलचा वर्गही तेच घेत. उपासना संपली, की मागच्या अंगणात चहा घेताना माणसाचा उद्धार कशानं होतो यावरून दोघांची जुंपायची, ती गेली तेवीस वर्षं.

"तारण कृपेनं होतं हिंमतराव, आणि ते विश्वासानं घ्यायचं असतं," सर म्हणायचे. "ते दान आहे. कमवायची वस्तू नाही. तुमच्या दाढ्या देव मोजत बसलेला नाही."

"आणि हातपाय न हलवणारा विश्वास मेलेला असतो, हे कुठे लिहिलंय?" हिंमतराव विचारायचे. "पान तुम्हीच दाखवलं होतंत मला."

"कृत्यं हे फळ आहे, मूळ नव्हे."

"असू द्या. मूळ तुम्ही सांभाळा, मी फळं वाटतो."

चर्चच्या मंडळीतली माणसं कप हातात घेऊन ऐकत उभी राहायची. हिंमतरावांची बायको रूथबाई तेवढी कंटाळलेली असायची. "अहो, स्वर्गाचं ठरलं असेल तर घरी चला. कुकर लावायचाय."

फेब्रुवारीत हिंमतराव न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, डॉक्टरांनी दोन महिने अंथरूण सांगितलं. घरी आल्यावर पहिल्याच सोमवारी ते रूथबाईंना म्हणाले, "उद्या मंगळवार."

"कॅलेंडर आहे घरात," रूथबाई म्हणाल्या.

"सोनबा वाट बघत असतील."

बराच विचार करून त्यांनी फोन केला तो पारखे सरांनाच. सकाळचा रिकामा वेळ असलेला दुसरा कोणी त्यांना आठवेना. सर आले, ऐकून घेतलं आणि गांगरले. "मी? अहो, मी स्वतःचीसुद्धा मशीननं करतो."

"मग शिका," हिंमतराव म्हणाले. "रूथ, फुगे आण."

न्हाव्याच्या पोरांना जसं शिकवतात, तसंच त्यांनी पलंगावरून सरांना शिकवलं. फुगवलेल्या फुग्याला साबण लावायचा आणि फुगा न फोडता साबण काढायचा. पहिला फुगा सरांच्या चष्म्यावर फुटला. दुसरा फुटला तेव्हा साबण भिंतीवरच्या कॅलेंडरवर उडाला. तिसऱ्याला रूथबाई हसून हसून दारातच खाली बसल्या, आणि हिंमतरावांना हसताना खुब्यात कळ येऊ लागली, म्हणून ते "थांबा, थांबा" ओरडत हसत राहिले. सातवा फुगा शाबूत राहिला. सरांनी तो बक्षीस मिळाल्यासारखा दोन्ही हातांत धरला.

मंगळवारी संध्याकाळी फोन आला, तो सोनबांचा.

"आवं रणपिसे, ह्ये मास्तर कुठनं आणलं? तीन जागी कापलंय मला."

"माफ करा सोनबा. पुढच्या वेळी दुसरं कोणी बघतो."

"दुसरं कशाला? मानूस चांगला हाय. त्यालाच पाठवा."

सरांची फेरी अशी सुरू झाली. इकडे हिंमतराव मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले. मंडळीतून रोज कुणाचा ना कुणाचा डबा यायचा. चर्चच्या पाळक शर्मिलाताई येऊन प्रार्थना करून जायच्या. शेजारची ऋचा हिंजवडीच्या कंपनीतून थकून यायची, तरी खाली उतरून त्यांची औषधं आणून द्यायची. रूथबाई अंग पुसायच्या, कपडे बदलायच्या. या सगळ्याचं हिंमतरावांना ओझं व्हायचं. "मी काय केलंय यांच्यासाठी?" ते विचारायचे. त्यांची दाढी वाढत चालली होती. रूथबाईंनी दोनदा पाणी तापवून आणलं. दोन्ही वेळा त्यांनी तोंड फिरवलं.

तिसऱ्या आठवड्यात सर फेरी संपवून थेट त्यांच्याकडे आले. बाह्या वर, सदऱ्यावर साबणाचे डाग. "सहा झाल्या," ते म्हणाले. "आता सातवी. हनुवटी वर करा."

"नको."

"का? कापण्याची भीती वाटते?"

हिंमतराव छताकडे बघत बोलू लागले. त्यांचे वडील, बापू, रोज पहाटे उठून दाढी करणारे. लष्करातल्या साहेबांकडे खानसामा होते, गालावर एक खुंट राहू द्यायचे नाहीत. शेवटचं वर्ष ते याच घरात पडून होते. हिंमतराव तेव्हा सत्तावीसचे. दिवसपाळी, रात्रपाळी, ओव्हरटाइम. बापू म्हणायचे, "जरा दाढी करून दे रे," आणि हिंमतराव म्हणायचे, "रविवारी करतो." असे किती रविवार गेले. बापू गेले तेव्हा दाढी छातीपर्यंत आली होती. लोक म्हणाले, ओळखू येत नाहीत.

"चाळीस वर्षं झाली," हिंमतराव म्हणाले. "कितीही दाढ्या केल्या तरी ती एक राहतेच. आणि मी आता आरामात पडून दुसऱ्याकडून करून घेऊ?"

सरांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"तेवीस वर्षं मी तुम्हाला कृपा समजावतोय," ते म्हणाले, "आणि एकदाही विचारलं नाही की तुम्ही हे सगळं का करता. मास्तर म्हणून नापास आहे मी." मग त्यांनी हळूच विचारलं, "बापू कधी रागावले तुमच्यावर?"

"नाही."

"शेवटचं काय बोलले?"

"रात्रपाळी करून आलो होतो. म्हणाले, जेवलास का रे?"

"मग क्षमा तेव्हाच झाली होती, हिंमतराव. त्यांनी देऊन टाकली. तुम्ही घ्यायची तेवढी राहिली."

दारात उभ्या रूथबाईंनी पदर तोंडाला लावला. हिंमतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहून दाढीत मुरत होतं. मग हळूहळू त्यांनी हनुवटी वर केली.

सरांनी दाढी भिजवली, साबण लावला, गाल ताणून धरला. रेझर खाली येऊ लागला तसं हिंमतरावांना आपल्याच गालावर गार वारा लागल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे चेहरे हातात घेतले होते. स्वतःचा चेहरा असा कुणाच्या हातात सोडून देणं किती सोपं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बापूंना हेच हवं होतं, एवढंच. आणि ते न मिळताही बापूंनी विचारलं होतं ते जेवणाचं. छातीवरचं काहीतरी सैल झालं.

"आई गं! मास्तर, कान!"

"कान मध्ये आला," सर म्हणाले आणि तुरटी शोधू लागले. तिघंही हसायला लागले.

निघताना सर दारात थांबले. "एक सांगतो, मंडळीत बोलू नका. पहिल्या दिवशी सोनबांच्या गालाला रेझर लावायला मी धजत नव्हतो. त्यांनी माझं मनगट धरून माझा हात आपल्या गालावर ठेवला. म्हणाले, घाबरू नगंस. मला वाटत होतं, मी द्यायला गेलोय. आयुष्यभर विश्वास शिकवला, पण तो हाताला लागला त्या दिवशी."

ईस्टरला हिंमतराव वॉकर घेऊन चर्चमध्ये गेले. पुनरुत्थानाची उपासना झाल्यावर शर्मिलाताईंनी त्यांना साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव मंडळीपुढे सांगायला, बोलावलं. त्यांनी वॉकर घट्ट धरला.

"मी समजत होतो, आपण करत राहिलो की देव कधीतरी पुरे म्हणेल," ते म्हणाले. "दोन महिने मला काहीच करता आलं नाही. तरी माझ्यावर प्रेम कमी झालं नाही, ना देवाचं, ना तुमचं. आता मंगळवारी जाईन तो काही फेडायला नाही. आनंद झालाय म्हणून जाईन. पारखे सर बरोबर होते."

लगेच तिसऱ्या बाकावरून पारखे सर उठले. "हरकत आहे! मी अर्धाच बरोबर होतो. जाऊन हात लावल्याशिवाय मला माझंच शिकवणं कळलं नाही. हिंमतराव बरोबर होते."

"अहो, मी तुमचं मान्य केलंय!"

"मग मीही तुमचं केलंय!"

"म्हणजे भांडण चालूच," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळी मंडळी हसत सुटली. शर्मिलाताईंनी हसू दाबत हात वर केला. "तारण प्रभूनं केलेलं आहे, ते नीटच असेल. चहा मात्र थंड होतोय. चला."

पुढच्या मंगळवारपासून दोघं एकाच रिक्षातून जाऊ लागले. हिंमतराव खुर्चीत बसून दाढी करायचे. सर पाणी तापवायचे, टॉवेल धरायचे आणि चुका काढायचे. मे महिन्यात वाघोलीहून एका बाईंचा फोन आला. त्यांची आई अंथरुणाला होती, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तुम्ही केस विंचरून वेणी घालून देता का, असं त्यांनी संकोचत विचारलं.

हिंमतरावांनी स्पीकरवर लावलेल्या फोनवर हात ठेवून सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली, हे आपल्याला जमणार नाही. पण तोवर स्वयंपाकघरातून आवाज आला होता.

"हो म्हणून सांगा," रूथबाई म्हणाल्या. त्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली शोधत होत्या.