शामकांतांचा चाकू

आमच्या ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत वरच्या मजल्यावर राहणारे शामकांत म्हणजे हाडाचे बोटीवरचे इंजिनियर. बोट सुटली, कंपनीच्या ऑफिसात खुर्ची मिळाली, पण खिशातला चाकू काही सुटेना. त्याला एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला दोराच्या गाठी सोडवायचा टोच्या. त्यानं ते आंबा कापत, खोकी उघडत, आमच्या मिक्सरचा स्क्रूसुद्धा पिळून देत. असा शेजारी मिळायला नशीब लागतं.

त्यांच्या बायकोचा, कुमुदवहिनींचा मात्र त्या चाकूवर भारी राग. शेजारच्या मेधाच्या मुलीच्या वाढदिवसाला सुरी सापडेना, तर यांनी केक कापायला तो डिझेलच्या वासाचा चाकू पुढे केला. पोरं किंचाळली, वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आता तुम्ही जहाजावर नाही," घरी आल्यावर त्यांनी बजावलं. "चारचौघांत हा पुन्हा दिसता कामा नये."

शामकांतांनी मुकाट्यानं तो ड्रॉवरमध्ये टाकला.

पुढच्या रविवारी आम्ही दोन्ही कुटुंबं पुलाउ उबीन बेटावर सहलीला गेलो. तिकडे नेणाऱ्या छोट्या बमबोटीत शामकांतांचा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता. मला वाईट वाटलं, वहिनींचा रागही आला.

बेटावर भाड्यानं सायकली घेतल्या. एका उतारावर वहिनींची ओढणी चेनमध्ये अडकून चांगलीच गुंडाळली गेली. ती ओढणी त्यांच्या दिवंगत आईच्या इरकलीची होती. आईचं दुसरं काही त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

"मम्मी, जस्ट कट इट लाह!" त्यांची ईशा म्हणाली. वहिनी रडकुंडीला आल्या.

शामकांत चेनपाशी उकिडवे बसले, खिशात हात घातला आणि ओशाळून तसाच बाहेर काढला.

तेवढ्यात वहिनींनी आपल्या पर्समधून चाकू काढला.

"घरातून निघतानाच तुमचा हात खिशाकडे गेला," त्या पुटपुटल्या. "मग मला राहवेना. घेतला बरोबर."

शामकांतांनी पातं उघडलंच नाही. बोटीवरची रीतच तशी. दोर आधी सोडवायचा, कापायचा तो अगदी नाइलाज झाला तर. पेडल हळूहळू उलटं फिरवत, टोच्यानं एकेक घडी सैल करत त्यांनी ओढणी बाहेर काढली. ग्रीसचा काळा डाग पडला होता, पण धागा तुटला नव्हता.

वहिनींनी ती छातीशी धरली. शामकांतांनी रुमालानं चाकू पुसला आणि त्यांच्यापुढे धरला. "घे, ठेव पर्समध्ये."

"माझ्या पर्समध्ये कशाला?" असं म्हणत वहिनींनी तो चारचौघांसमोर त्यांच्या खिशात सरकवला.